झोपलेली पायरी

टणटणकाका कुठेही गेले तरी आधी ऐकतात, मग बघतात. लिफ्टचं दार लागलं की मान तिरकी करून म्हणतात, "मागच्या महिन्यापेक्षा पाव सूर उतरलाय." लिफ्ट कंपनीचा माणूस हसतो. पुढच्या आठवड्यात लिफ्ट बंद पडते. मग तो हसत नाही.

धंदा पियानो जुळवण्याचा. चाळीसच्या वर वर्षं झाली. एकच पट्टी पन्नास वेळा वाजवायची, खुंटी केसभर फिरवायची, पुन्हा वाजवायची. टण. टण. टण. इमारतीतल्या पोरांनी नाव ठेवलं, ते चिकटलं. काकांची तक्रार नाही. "नाव सुरात आहे," म्हणतात.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत जुना पियानो, त्याच्यावर इस्त्री केलेले कपडे. खिडकीपाशी कामाचं टेबल. त्यावर नमद्याचे लोकरी तुकडे, तारांची वेटोळी, सरसाची बाटली. लेक दातांची डॉक्टर झाली आणि दुसऱ्या गावी राहायला गेली. "बापाचाच धंदा चालवते," काका सांगतात. "ओळीने पांढऱ्या पट्ट्या. फक्त तिची गिऱ्हाइकं ओरडतात."

बायकोला ते 'बाई' म्हणतात आणि अहोजाहो करतात. ती शाळेत गाणं शिकवायची, तिथेच ओळख झाली. लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी जिभेचं वळण गेलं नाही. बाई म्हणतात, "यांनी हाक मारली की मला हजेरी घ्यावीशी वाटते."

बाईंनी तीस वर्षं लहान मुलांना गायला शिकवलं. स्वतःची मैफल एकही केली नाही. आपला आवाज बेताचा आहे हे त्यांना ठाऊक होतं. एकच गोष्ट त्या स्वतःची म्हणून सांगायच्या. झोपलेल्या पायरीचं गाणं.

शाळेच्या पियानोची एक पांढरी पट्टी मुकी होती. ऐन मधल्या सप्तकातली. सा वाजे, रे वाजे, ग दाबला की नुसतं 'ठक'. दुसरी कुणी असती तर मुख्याध्यापकांच्या नावाने बोटं मोडत बसली असती. बाईंनी गाणं केलं.

पहिली पायरी जागी आहे,
दुसरी पायरी जागी,
तिसरी पायरी झोपली आहे…

इथे सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवायचं. एक मात्रा चिडीचूप. मग थेट चौथीवर उडी. उतरतानाही तसंच. मुलं खिदळायची. तीन वर्षांनी पट्टी दुरुस्त झाली, बोलायला लागली. तरी मुलं तिथे गप्पच राहायची. नव्या कुणी चुकून सूर लावला तर जुनी मुलं डोळे वटारायची. बाईंनी मग ती जागा तशीच ठेवली.

यंदा चिमणीचं गाणं आलं. चिमणी म्हणजे बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता नावाजलेली गायिका. बाईंनी ते पहिल्यांदा औषधांच्या दुकानात ऐकलं. दोन सूर चढले, एक मात्रा रिकामी गेली आणि सूर एक पायरी ओलांडून वर गेला. बाईंचं बोट आपोआप ओठांवर गेलं. दुकानदाराला वाटलं, आवाज कमी करायला सांगताहेत. त्याने केला.

"वाढव रे बाबा," बाई म्हणाल्या. "माझं गाणं आहे ते."

पंधरा दिवसांत पेपरात बातमी आली. एका संगीतकाराने दावा लावला होता. ही चाल मी बारा वर्षांपूर्वी साबणाच्या जाहिरातीसाठी केली, गायिकेने ती उचलली, असं त्याचं म्हणणं. शेजारी त्याचा फोटो. बाईंनी चष्मा लावला.

"अहो, हा तर ढब्ब्या!"

"कोण ढब्ब्या?"

"माझ्या शिशुवर्गातला. शेवटच्या बाकावर बसून पेन्सिली खायचा. चिमणीच्या बराच आधी."

"म्हणजे दोघांनीही तुमचंच उचललं."

"उचललं काय म्हणता? मी दिलं. पाच वर्षांची होती पोरं. कुठून आलं ते त्यांना आठवणारसुद्धा नाही." त्यांनी पेपराची घडी घातली. "आणि आता एकमेकांना चोर म्हणताहेत. मी सांगते जाऊन. मिटेल लगेच."

 काकांनी पियानोवरचे कपडे उचलले, इकडे तिकडे पाहिलं आणि परत तिथेच ठेवले.

चिमणीच्या वकीलबाईंना हा निरोप म्हणजे घबाडच. चाल दोघांनी एकाच बाईंकडून लहानपणी घेतली असेल, तर चोरी कुणी कुणाची केली? त्यांनी पुढच्याच बैठकीला बाईंना बोलावलं. दोन्ही बाजूंनी कोर्टाच्या बाहेर तडजोडीची तयारी दाखवली होती. एक निवृत्त न्यायाधीश मध्यस्थ होते. काका पिशवी धरायला सोबत गेले.

लांब टेबल, काचेच्या बाटल्या, बंद खिडक्या. बाई आत आल्या तशी टेबलाच्या दोन टोकांना चिमणी आणि ढब्ब्या दोघंही ताडकन उभे राहिले. दोघांच्या वकिलांनी आपापल्या अशिलाला खाली बसवलं.

आधी एक तज्ज्ञ बोलला. भिंतीवर रेघा उमटल्या, एक लाल, एक निळी. "हे सूर कुणाच्या मालकीचे नाहीत," तो म्हणाला. "अशी उडी शेकडो गाण्यांत सापडेल. पण उडीआधीची ही रिकामी मात्रा, चढताना आणि उतरतानाही, नेमकी त्याच ठिकाणी? ही मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही." म्हणजे भांडण सुरांवरून नव्हतंच. मधल्या रिकाम्या जागेवरून होतं.

मग बाईंनी सांगितलं. ढब्ब्याचे वकील सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"बाई, या गाण्याची काही नोंद? कागद?"

"शिशुवर्गाला कसला कागद? ते कागद खातात."

ढब्ब्याने मान खाली घातली.

"कुणी साक्षीदार?"

"अडतीस-चाळीस वर्षं झाली. कुठे शोधू?"

"नव्या गाण्याचा गाजावाजा झाल्यावर तुम्हाला हे आठवलं. होतं असं. एखादी चाल शंभरदा ऐकली की ती आपलीच वाटते. वयाप्रमाणे…"

"वयाचं काय त्यात? पट्टी मुकी होती म्हणून मी ती जागा सोडली."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"एका चालू शाळेत, रोज वाजणाऱ्या पियानोची, ऐन मधली पट्टी तीन वर्षं मुकी? आणि कुणी दुरुस्त केली नाही?" वकील हळुवार हसले. "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण हे तुम्हाला तरी पटतं का?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. सहज पाहिलं. ज्याने तो पियानो सांभाळला तो माणूस शेजारीच पिशवी घेऊन बसला होता. तो आता म्हणेल, हो, होती मुकी. इतकंच तर म्हणायचं होतं.

 पुढचा प्रश्न काकांना आधीच ऐकू आला होता. का नाही दुरुस्त केली?

त्या पट्टीची, तारेवर आपटणारी हातोडी मोडली होती. लाकडी, टोकाला नमदा, बोटाएवढी. काकांनी ती घरी नेली, सरस लावला, सकाळपर्यंत पक्की झाली. ते ती बसवायला शाळेत गेले, तर वर्गात गाण्याच्या नव्या बाई मुलांना रांगेत उभं करत होत्या. काकांनी हातोडी परत डब्यात ठेवली. म्हणाले, "पार्ट मागवावा लागेल. वेळ लागेल." पट्टी बोलली असती तर काम संपलं असतं. पियानोवाल्याला कोण वर्षातून दोनदापेक्षा जास्त बोलावतो? मुकी पट्टी बघायला मात्र दर तीन आठवड्यांनी जाता येत होतं.

हे त्यांनी अडतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. बाईंना तर नाहीच. आणि आता इतक्या लोकांसमोर? उद्या गावभर झालं, की या माणसाने मुद्दाम पट्टी मुकी ठेवली, तर त्याच्या हाती पियानो कोण देईल?

काकांनी पिशवीच्या बंदाची गाठ सोडली. पुन्हा बांधली. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसून राहिले.

"पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू," मध्यस्थ म्हणाले.

 दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेचे जुने फोटो काढले. सगळे वर्गाचे. पियानो एकातच होता, तोही अर्धा. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोटो परत ठेवले. चौथ्या दिवशी सकाळी काका टेबलापाशी तार कापत होते. बाई दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या.

"अहो, खरं सांगा. ती पट्टी खरंच मुकी होती ना? की मलाच तसं वाटतंय?"

काकांनी मान वर केली. बाईंचा चेहरा त्यांनी असा कधी पाहिला नव्हता.

"नाही, म्हणजे हल्ली मी विसरते," बाई म्हणाल्या. "परवा गॅस तसाच ठेवला होता. ते वकील म्हणाले तसं असेल का? ऐकून ऐकून माझी समजूत झाली असेल? तुम्हीही काही बोलला नाहीत. मी म्हटलं, यांना आठवत नसेल. म्हणजे नसेलच तसं."

काकांनी पक्कड खाली ठेवली.

"होती मुकी."

"आठवतंय तुम्हाला?"

"मीच ठेवली होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, तारेचं वेटोळं हातात धरून. बाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"पार्ट बाहेरून यायचा होता," त्या म्हणाल्या.

"नव्हता यायचा."

"बोटीने येणार होता. बोट बुडाली म्हणाला होतात!"

"हो."

"मी हळहळले होते त्या बोटीसाठी. खलाशांचं काय झालं, विचारलं होतं."

"वाचले म्हणालो होतो."

 "आणि लग्न ठरल्यावर पंधरा दिवसांत पार्ट आला. मी आईला म्हटलं, माणूस शुभ पायाचा आहे."

काकांना हसू येत होतं. बाईंना येत नव्हतं.

"माझ्यामागे लागलात ते राहू द्या. पण तीन वर्षं मी त्या पोरांना खड्ड्यावरून उड्या मारायला शिकवलं, आणि खड्डा तुम्ही खणला होता. बरं, तेही राहू द्या. परवा तिथे मी खोटी पडले. मी वेडी ठरले. आणि तुम्ही पिशवीची गाठ सोडत होतात. पाहिलं मी."

"बाई…"

"चार दिवस मी माझ्याच डोक्यावर संशय घेतला. ते तुम्ही बघत होतात." त्या उठल्या. "बैठक गुरुवारी आहे. बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही."

गुरुवारपर्यंत बाईंनी काकांशी थेट शब्द काढला नाही. जेवण वेळेवर वाढलं. बाकी सगळं लेकीमार्फत.

"तुझ्या वडिलांना सांग, चष्मा फ्रीजवर आहे."

"आई, मी एका माणसाच्या तोंडात हात घालून उभी आहे," फोनवरून लेक म्हणाली.

"मग दुसरा हात रिकामा असेल ना? त्यांना फोन लाव."

गुरुवारी तेच टेबल, त्याच बाटल्या. बाई बसल्या. काका बसलेच नाहीत.

"मला सांगायचंय," ते म्हणाले. "तो पियानो मी सांभाळत होतो. पट्टी मुकी होती. तीन वर्षं."

ढब्ब्याच्या वकिलांनी पेन उचललं. "तुम्ही यांचे पती."

"तेव्हा नव्हतो."

"मागच्या वेळी तुम्ही इथेच होतात. का बोलला नाहीत?"

"लाज वाटली."

"पट्टी मुकी असण्यात कसली लाज?"

"दुरुस्ती एका रात्रीची होती. हातोडी जोडून माझ्या डब्यात तयार होती. मी ती बसवली नाही."

"तीन वर्षं? कशासाठी?"

काकांनी बाईंकडे बोट दाखवलं.  बोट बराच वेळ तसंच राहिलं.

मध्यस्थांनी घसा खाकरला. "म्हणजे तुम्ही शाळेला फसवलंत."

"शाळेला, मुलांना आणि यांना. आणि मागच्या आठवड्यात तुम्हाला. माझ्या धंद्यात याहून वाईट काम नाही साहेब. हे कागदावर घ्या."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. स्वतःचं इतकं नुकसान करून घेणाऱ्या साक्षीदाराचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

"तुमचे पाय दिसायचे."

ढब्ब्या होता. त्याच्या वकिलांनी त्याच्या बाहीला हात लावला. त्याने बाही सोडवून घेतली.

"पियानोखालून. तुम्ही आत डोकं घालून पडलेले असायचात आणि पाय बाहेर. सारखे यायचात. आम्ही तुमच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधायचो."

"तो तू होतास?" काका ओरडले. "दोनदा आपटलो मी!"

"एकदा मी. एकदा दुसरा कुणीतरी." ढब्ब्या हसला आणि मध्येच थांबला. त्याचा हात टेबलावरून उठला. बोट ओठांपर्यंत आलं. "बाई, इथे आपण असं करायचो. झोपलंय कुणीतरी म्हणून. कोण झोपलेलं असायचं?"

"पायरी," चिमणी हळूच म्हणाली. तिचंही बोट ओठांवर होतं.

 तज्ज्ञाने भिंतीवरच्या रेघा बंद केल्या.

ढब्ब्या दावा मागे घेतो म्हणाला. वकिलांना म्हणाला, कागद करा. पण त्याचा चेहरा उतरला होता. बारा वर्षं लोकांना माहीत असलेली त्याची ही एकच चाल, आणि तीही त्याची नाही निघाली. बाई उठून त्याच्याजवळ गेल्या.

"ढब्ब्या, तुझं ते साबणाचं गाणं रोज बातम्यांच्या आधी लागायचं. त्यात मध्येच एक बासरी येते. खालून येते आणि गाण्याला न विचारताच निघून जाते. ती कुणाची?"

"माझी, बाई."

"ती मी शिकवलेली नाही. चालीकडे माझं लक्षच नसायचं, मी मुद्दाम तिच्यासाठी थांबायचे."

ढब्ब्याने नाक पुसलं. शिशुवर्गातल्यासारखंच, बाहीला.

चिमणीने विचारलं, "बाई, आता गाण्यावर तुमचं नाव घालायचं. काकांचंही घालू?"

"माझं घाला," बाई म्हणाल्या. "खड्डा यांनी खणला. उडी माझी आहे."

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीपाशी बसल्या. काका शेजारी, पिशवी मांडीवर. पिशवीच्या बंदाला त्यांनी हात लावला नाही. चार थांबे गेले.

"तीन वर्षं!" बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. त्या सकाळनंतर थेट काकांना उद्देशून आलेले हे पहिले शब्द. "एक वर्ष पुरलं नसतं?"

"पहिल्या वर्षी तुम्ही मला 'अहो मिस्त्री' म्हणायचात."

"दुसऱ्या?"

"दुसऱ्या वर्षी नाव विचारलंत. दोनदा. विसरायचात."

"आणि तिसऱ्या वर्षी?"

"तिसऱ्या वर्षी चहा दिलात. बिनसाखरेचा."

बाई गर्रकन वळल्या. "बिनसाखरेचा? साखर घातली होती मी. दोन चमचे. निळ्या कडेच्या कपात. मला पक्कं आठवतंय."

काकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे कसलाही संशय उरला नव्हता.

"बरोबर," ते म्हणाले. "दोन चमचे."

चहा बिनसाखरेचाच होता.